बाईंची हजेरी

परक्या घरी मुक्कामाला गेले की मी आजही आधी पाणी कुठे आहे ते बघते, मग मोरी, आणि मग रडायची जागा. रडायची वेळ आता या वयात फारशी येत नाही, पण जागा हेरून ठेवायची सवय काही जात नाही. माझी सून याला हसते. तिचंही बरोबर आहे. जिथे दोन दिवस पाहुणचार झोडायला जायचं तिथे रडायचं कशाला? पण ज्यांनी मला ही सवय लावली त्या बाई भेटल्या असत्या तर तिचं हसू पळालं असतं, आणि आठवड्याभरात तीसुद्धा जागा हेरायला लागली असती.

बाई मूळच्या आमच्याच गावच्या, पण गावाला त्यांची खरी ओळख झाली ती त्या निवृत्त होऊन परत आल्यावर. मिशनच्या एका मुलींच्या बोर्डिंगात त्या उभा जन्म मेट्रन होत्या. लग्न केलं नाही. नोकरी संपली तशा एक लोखंडी खाट, एक ट्रंक, एक शेळी आणि रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा एवढा संसार घेऊन पाथर्डीच्या यष्टीने उतरल्या आणि भावाच्या मोकळ्या पडलेल्या दोन खोल्यांत राहू लागल्या. शेळीला यष्टीत कशी घेतली हे गावाने पुष्कळ दिवस विचारलं. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही आणि मी दिलं नाही, एवढंच त्या सांगायच्या.

आमचं घर आणि त्यांचं अंगण यांच्यामध्ये काट्यांचं कुंपण तेवढं होतं, त्यामुळे त्यांचा सगळा कारभार आम्हाला दिसायचा आणि ऐकू यायचा. रुळाचा तुकडा त्यांनी लिंबाला टांगला होता. पहाटे उठायची घंटा, मग अंघोळीची, मग प्रार्थनेची, मग जेवणाची. राहणारी बाई एकटी, पण एकही घंटा चुकायची नाही. सुरुवातीला गावाने कुरकुर केली. पुढे एकदा बाई तापाने पडल्या, पहाटेची घंटा झाली नाही आणि निम्म्या गावाची सकाळची यष्टी चुकली. त्यानंतर घंटेबद्दल कोणी ब्र काढला नाही.

जेवायच्या आधी बाई प्रार्थना करायच्या, पण डोळे टक्क उघडे ठेवून. माझ्या आईने एकदा धीर करून कारण विचारलं. तर म्हणाल्या, डोळे मिटले की पोरी शेजारणीच्या ताटातली भाकरी पळवतात. आता ताटाला ताट लावून बसलेलं कुणी नव्हतं. पण तीस-पस्तीस वर्षांची नजर अशी एकाएकी मिटणार थोडीच!

आणि सगळ्यात भारी म्हणजे हजेरी. दिवेलागणीला बाई पदर खोचून अंगणात उभ्या राहायच्या. "एक," असं मोठ्याने म्हणायच्या आणि स्वतःच "हजर" म्हणायच्या. मग "दोन." दोन नंबर म्हणजे शेळी. ती ओरडेपर्यंत बाई थांबायच्या. शेळीचा मूड नसला तर हे थांबणं बरंच लांबायचं. आमच्या ओट्यावर आम्ही भावंडं तोंडात पदर आणि सदरे कोंबून बसलेलो असायचो. अखेर शेळी ओरडायची, बाई "ठीक आहे, जेवायला बसा" म्हणायच्या आणि आत जायच्या.

माझी आणि या बाईंची गाठ पडली ती बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात. मी मॅट्रिक झाले होते आणि नगरजवळच्या एका लहानशा ट्रेनिंग कॉलेजात माझा नंबर लागला होता. फक्त मुलींचं कॉलेज. दोन वर्षं तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, आणि बाहेर पडलं की प्राथमिक शाळेत मास्तरीण. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. शेणी थापताना मी भिंतीला धडे शिकवत होते, म्हशीला पाढे विचारत होते. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

पण माझ्या आनंदात एक काटा होता. दोन वर्षांपूर्वी माझी चुलतबहीण अशीच एका बोर्डिंगात गेली होती आणि आठवड्याच्या आत डोळे सुजवून परत आली होती. भावकीत त्याचं फार हसं झालं. आमच्याकडे घर सोडून जाणं काही नवीन नव्हतं; दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. पण ते सगळं घरच्या घर जायचं, बैलगाडीत चूल, पोरं आणि कोंबड्या घालून. एकट्या पोरीने उठून जायचं आणि परक्या छपराखाली झोपायचं, याचा सराव कुणालाच नव्हता. माझ्या वडलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना तसे मायाळू, पण भावकीच्या हसण्याला फार भ्यायचे. त्यांनी विचार करून निकाल दिला.

"जा. न्हाई म्हनत न्हाई," ते म्हणाले. "पन एकदा का रडत परत आलीस, तर दुसऱ्यांदा यष्टीत बसवायचा न्हाई. दिवाळी झाली की हळद लावून मोकळा हुईन."

स्थळसुद्धा तयार होतं. श्रीगोंद्याकडचं, उसाचं, बागायती. मुलगा चांगला होता म्हणे. मला त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. मला फक्त मास्तरीण व्हायचं होतं. आणि खरं सांगायचं तर भीती नानांची नव्हतीच, माझी मलाच होती. मी जन्मात एक रात्र आईशिवाय झोपलेले नव्हते.

आईने हे ओळखलं आणि मला हाताला धरून कुंपणापलीकडे नेलं. बाईंनी मला खालून वर न्याहाळलं. कोणती भाजी खात नाहीस, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, दोडका. त्या म्हणाल्या, मग आज दोडका. आई बाजारातून दोडके आणायला पळाली आणि माझं शिक्षण सुरू झालं.

पहिलं काम ट्रंकेचं. माझं जे काही होतं ते सगळं ट्रंकेत गेलं, ट्रंक खाटेखाली गेली आणि किल्ली माझ्या गळ्यात. आपल्याच घरात मी ट्रंकेवर राहू लागले. फणी काढायची असेल तर किल्ली लाव, ट्रंक उघड, फणी घे, ट्रंक लाव. एकदा तेलाची बाटली आत ठेवायला विसरले तर बाईंनी ती जप्त केली, आणि चार दिवस मी कोरड्या केसांनी गावभर हिंडले. आईने चोरून बोटभर तेल लावलं तेही बाईंना वासावरून कळलं. अंघोळीला एकच बादली. बाई न्हाणीबाहेर उभ्या राहून त्यांचं एक प्रार्थनेचं गीत म्हणायच्या आणि गीत संपायच्या आत मी बाहेर यायचं. त्यांना घाई असली की मधली कडवी गाळायच्या, आणि मग मी साबणासकट बाहेर यायचे.

अभ्यास करायला त्यांनी मला पिठाच्या गिरणीत बसवलं. इंजिनाची धडधड, पट्ट्याची फडफड, दळण घेऊन आलेल्या बायकांच्या गप्पा, आणि मध्ये मी पुस्तक धरून. बोर्डिंगात एका खोलीत आठ पोरी असतात आणि आठही बोलतात, बाई म्हणाल्या. इथे जे डोक्यात शिरेल ते कुठेही शिरेल. मी पांढरीफटक होऊन घरी यायचे. नाना माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे.

रडण्याचा धडा मात्र त्यांनी फार गांभीर्याने दिला. मला वाटलं होतं त्या म्हणतील, रडायचं नाही. पण नाही.

"रडू येणारच," बाई म्हणाल्या. "ज्या पोरी रडायचं नाही म्हणतात ना, त्याच पळून जातात. पहिल्या दिवशी गेल्या गेल्या रडायची जागा ठरव. आडोशाची, पण पाण्याजवळची. शेजारी तांब्या भरून ठेव. संध्याकाळी जेवणाआधी रडायचं. जेवणानंतर रडलं की पोट दुखतं. झालं की तोंड धुवायचं आणि पंगतीला जाऊन बसायचं."

मग मला घरी जागा ठरवायला लावली. मी कडब्याच्या गंजीमागची ठरवली. रोज संध्याकाळी तांब्या घेऊन तिथे जाऊन बसायचं. मी इतकी आनंदात होते की रडू म्हणून येत नव्हतं. मी तशीच बसून राहायचे आणि तोंड धुऊन परत यायचे.

एवढं झालं आणि बाईंनी शेवटचा, सगळ्यात मोठा धडा काढला. परक्या घरी झोपायचं. रोज नवीन घर. जेवण झालं की मी वळकटी काखोटीला मारून निघायचे. बाईंनी दिवसा त्या घरच्या बाईशी बोलून ठेवलेलं असायचं. आज कुंभाराकडे, उद्या शिंप्याकडे, परवा चर्चमागच्या मास्तरांकडे. कुठे ढेकूण, कुठे तान्हं पोर, कुठे चुलीचा धूर. एका घरातली म्हातारी इतकी घोरायची की पत्रे वाजायचे. बाईंनी मला तिच्याकडे सलग दोन रात्री पाठवलं. हिच्याशेजारी झोप लागली की तुझी परीक्षा पास, म्हणाल्या. पहिल्या रात्री मी टक्क जागी होते. पुढच्या वेळी लागली की झोप! सकाळी मी धावत येऊन बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पेढा द्यावा तसा गूळ दिला.

या प्रकरणात बाईंची एकच चूक झाली. घरोघरच्या बायकांना त्यांनी सांगितलं होतं, पण कशासाठी ते सांगितलं नव्हतं. बोर्डिंगात कारणं सांगायची पद्धत नसते. आणि नानांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी बाईंकडे झोपते असं ते धरून चालले होते. गावाला मात्र रोज दिसत होतं की जेवणं झाली की नानांची पोरगी अंथरूण घेऊन घराबाहेर पडते आणि सकाळी भलत्याच घरातून निघते. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो.

एका सकाळी नाना धार काढत होते. पोलीस पाटील आणि भजनातले एक म्हातारे बुवा अंगणात येऊन उभे राहिले. दोघांच्या डोक्याला फेटे. सकाळच्या वेळी फेटा म्हणजे काम साधं नाही, हे नानांच्या लक्षात आलं. पाटलांनी घसा साफ केला.

"नाना, पोरीनं घर सोडलंय म्हनं," ते म्हणाले. "आज हितं, उद्या तितं. उसाच्या स्थळावरनं बिनसलं असंल तर तसं सांगा. चौघात बसून मिटवू. पन तरन्या पोरीला असं दारोदार फिरवू नका."

नानांच्या हातातली चरवी तशीच राहिली. ज्या भावकीच्या हसण्याला ते जन्मभर भीत आले, ते हसणं फेटा बांधून दारात उभं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कॉलेज गेलं, असंच मला वाटलं. त्या क्षणी मला खरोखर रडू आलं, आणि तेही तांब्या जवळ नसताना.

तेवढ्यात कुंपणातून बाई आल्या. कुंपणाला वाट नव्हती. त्या काट्यांतून आल्या. लुगड्याला एक अख्खी फांदी लटकलेली होती, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. भांडण नाही, सराव चाललाय, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पाटलांनी विचारलं, कसला सराव. परक्या घरी झोप लागायचा, बाई म्हणाल्या, आणि मग ट्रंक, गिरणी, दोडका, घोरणारी म्हातारी असं सगळं त्यांनी शाळा तपासणीला आलेल्या साहेबाला सांगावं तसं सांगितलं. पोरगी तयार झाली आहे, त्या म्हणाल्या; ही परत येणार नाही.

पाटलांनी फेटा थोडा मागे सारला.

"मंग आमच्याकडं का न्हाई आली ती झोपाय?" त्यांनी विचारलं. "आमचं घर काय गावात न्हाई व्हय?"

बुवा म्हणाले, आमच्याकडं पण न्हाई आली. आणि दोघांत आधी कुणाकडे यावरून जुंपली. दिवसभरात ही गोष्ट गावभर झाली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दाराशी बायकांची रीघ लागली. आमच्याकडे पिसवा लई हायत, सराव चांगला होईल, असं एकीने तर अगदी अभिमानाने सांगितलं. रात्रीची जेवणं झाल्यावर मी वळकटी घ्यायला वळले तर ती जागेवर नव्हती. नाना ती खांद्यावर टाकून अंगणात उभे होते. "चल," म्हणाले, "पाटलाकडं सोडतो." मी त्यांच्यामागून चालले तेव्हा मला जो आनंद झाला, तसा पुढे पगार हातात पडल्यावरही झाला नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी बाईंकडेच झोपायचं ठरलं होतं. दिवेलागणीला बाई अंगणात उभ्या राहिल्या. "एक," म्हणाल्या, "हजर," म्हणाल्या. "दोन" झालं, शेळी लगेच ओरडली. आणि मग बाई थोडं थांबून म्हणाल्या, "तीन."

मी "हजर" म्हटलं. इतके दिवस ज्याला हसत होते त्यात मी उभी होते, आणि मला अजिबात हसू आलं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला. लई दिवसांनी दोनाच्या पुढं गेले गं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून गावची बोली मी तेवढी एकदाच ऐकली. जेवायची घंटा मात्र झाली नाही. मी थोडी वाट पाहिली आणि शोधायला गेले, तर शेळीच्या खोपटामागे बाई बसल्या होत्या आणि शेजारी पाण्याने भरलेला तांब्या होता. आडोशाची जागा, पाण्याजवळची, जेवणाआधीची वेळ. मी पाहिलं हे त्यांना कळलं.

"जागा चांगली आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि तोंड धुऊन घंटा द्यायला गेल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला घराबाहेर राहायचं शिकवणाऱ्या या बाईंना घरात राहायचं कुणीच शिकवलेलं नव्हतं. मला त्यांची इतकी माया आली की त्या रात्री मी दोडका मागून मागून खाल्ला.

सकाळी बाई यष्टीवर आल्या नाहीत. अंघोळीच्या घंटेची वेळ आहे म्हणाल्या. कुंपणाशी उभं राहून त्यांनी शेवटचा नियम सांगितला. परत यावंसं वाटलं तर खुशाल यायचं, पण आधी ट्रंक सगळी रिकामी करायची, प्रत्येक कपड्याची नवी घडी घालायची, पुन्हा भरायची आणि मगच निघायचं. आई डोळ्यांना पदर लावून उभी होती. मी मात्र खिडकीची जागा मिळाली म्हणून हरखून गेले होते.

कॉलेज अगदीच लहान होतं. पत्र्याचा एक लांब हॉल, चार-सहा खोल्या, एक विहीर आणि चिंचेची झाडं. मला तो राजवाडा वाटला. पहिल्या संध्याकाळी खोलीतल्या पोरी ट्रंकांवर बसून मुसमुसत होत्या आणि मी विहिरीमागची जागा ठरवून, तांब्या ठेवून परतसुद्धा आले होते. दोन दिवसांत तिथे रांग लागायला लागली, इतकी ती जागा खोलीत प्रसिद्ध झाली. झोप तर मला अशी लागायची की पोरी मला हलवून बघायच्या.

फसले ती पोळ्याला. घरी बैलांची शिंगं रंगवत असतील, आई पुरण वाटत असेल, नाना नवी वेसण ओवत असतील, असं सकाळपासून डोळ्यांसमोर यायला लागलं. दुपारी मी ट्रंक ओढली. जायचंच, हळद तर हळद. पण नियम तो नियम, म्हणून आधी सगळे कपडे बाहेर काढले. प्रत्येकाची घडी घालत बसले. परकराची घडी काही केल्या मनासारखी होईना. बाईंनी ती चार वेळा मोडायला लावली असती, म्हणून मीच मोडली आणि पुन्हा घातली. ट्रंक भरून होईतो दुपारची यष्टी गेली होती आणि जेवणाची घंटा झाली होती. पंगतीत बसले, ताटात पाहिलं तर दोडका. मी इतकी हसले की शेजारची पोरगी घाबरली.

दिवाळीला घरी आले ते संध्याकाळच्या यष्टीने. आईने ओट्यावरच मला मिठीत घेतलं, बोलता बोलता तिला दम लागला. तेवढ्यात पलीकडे घंटा झाली आणि नानांनी हाताने आईला गप्प केलं. ते ओट्यावरून उतरून कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

"एक," पलीकडून आवाज आला. "हजर. दोन." शेळी ओरडली. "तीन."

नानांनी दोन्ही हात तोंडाशी नेले. "तीन नंबर नगरला हा—" म्हणाले आणि मध्येच थांबून मागे माझ्याकडे वळले.

आई माझ्या कानाशी म्हणाली, तू गेलीस त्या दिवसापासून रोज असंच चाललंय. पहिल्या संध्याकाळी कुणीच उत्तर दिलं नाही, तर बाई तशाच अंगणात उभ्या राहिल्या, आत जाईनात, जेवेनात. शेवटी नानाच उठले आणि ओरडून सांगून आले. तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही. पाहुणे आले तरी उठून जातात.

मी ओट्यावरून उतरले, नानांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि घशात होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, "हजर!"

पलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी करडा.

"कॉलेज सोडून इथे कशी? रजा किती दिवसांची आहे?"

मी तोंड उघडायच्या आत उत्तर नानांनी दिलं. दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"भाऊबीज झाली की पहिल्या यष्टीनं जातीया, बाई. मी सोता बसवून देतो."

"ठीक आहे," पलीकडून बाई म्हणाल्या. "जेवायला बसा."